एकाच पातेल्यातला भात

मी डहाणूची. बी.एस्सी.ला भौतिकशास्त्र घेतलं, मग बी.एड. केलं आणि सव्विसाव्या वर्षी तलासरी तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत विज्ञानाची शिक्षिका म्हणून लागले. सकाळी एसटीने तलासरी नाक्याला उतरायचं आणि तिथून जीपने झरीच्या पुढे आत जायचं. जीप भरल्याशिवाय निघायची नाही, म्हणून मी पर्समध्ये विज्ञानाचं पुस्तक ठेवायचे. नऊ वर्षांत ते पुस्तक मी क्वचितच उघडलं. शिकवायचं ते सगळं पाठ होतं.

'कार्य आणि ऊर्जा' हा धडा नववीला आहे. तो माझा आवडता धडा, कारण तो सोपा वाटायचा. कार्य करण्याची क्षमता म्हणजे ऊर्जा. ऊर्जा निर्माण करता येत नाही, नष्ट करता येत नाही, फक्त एका रूपातून दुसऱ्या रूपात जाते. एवढं फळ्यावर लिहिलं, खाली दोन गणितं सोडवली की धडा संपला. मुलांच्या घरी बोलली जाणारी भाषा वेगळी, बरीच मुलं गुजरातीही बोलायची. 'ऊर्जा' हा शब्द त्यांच्या कानावर पुस्तकाबाहेर कधी पडायचा नाही. म्हणून मी सांगायचे, ऊर्जा म्हणजे जोर. अंगातला जोर. मुलं माना हलवायची आणि मला वाटायचं, समजलं.

ती मुलगी आठवीत आमच्याकडे आली. डोंगराकडच्या एका पाड्यावरची. आईवडील भात आणि नागली लावायचे आणि पाऊस संपला की मजुरीला जायचे. अंगाने बारीक, डोळे किंचित पिवळसर, वर्गात नेहमी भिंतीला टेकून बसायची. दुपारच्या तासाला तिचं डोकं बाकावर जायचं. सकाळी साडेपाचला मुली उठायच्या, टाकीच्या गार पाण्याने आंघोळ करायच्या आणि मैदानात पळायला उभ्या राहायच्या. तेव्हा हिचे पाय दुखायला लागायचे. कधी गुडघे, कधी पोटऱ्या, कधी हातांची बोटं सुजायची. थंडीच्या दिवसांत जास्त. अधीक्षक बाई म्हणायच्या, पळायची वेळ आली की हिला बरोबर दुखतं. खेळाच्या सरांनी तिला दोनदा मागे ठेवून एकटीला फेऱ्या मारायला लावल्या होत्या. दुसऱ्या वेळी ती अर्ध्या फेरीत खाली बसली आणि उठलीच नाही. सगळी शाळा बघत होती.

मलाही ती आळशीच वाटायची. हे मी आज लिहू शकते, पण बरीच वर्षं कुणाजवळ बोलले नव्हते.

नववीत तो धडा चालू होता. मी नेहमीप्रमाणे सांगितलं की आपण खातो त्यातून आपल्याला ऊर्जा मिळते आणि ती आपण काम करताना वापरतो. तिने हात वर केला. तिने त्याआधी एकदाही हात वर केल्याचं मला आठवत नाही. उभं राहायला तिला थोडा वेळ लागला.

"बाई, आम्ही सगळ्या एकाच पातेल्यातला भात खातो. मी पण तेवढाच खाते. ऊर्जा नष्ट होत नाही ना? मग माझी जाते कुठे?"

इतका चांगला प्रश्न त्या वर्गात मला त्याआधी कुणी विचारला नव्हता. आणि मी काय उत्तर दिलं? मी म्हणाले, "आळसात जाते."

वर्ग हसला. मीही हसले. ती खाली बसली. रडली नाही, रागावली नाही. तिने वही उघडून फळ्यावरचं उतरवून घ्यायला सुरुवात केली. पुढचे दोन महिने ती माझ्या तासाला एक शब्दही बोलली नाही, आणि ते माझ्या लक्षातही आलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेत आरोग्य विभागाची गाडी आली. मुलांच्या रक्ताची तपासणी होती. बोट टोचून थेंब घ्यायचा, नळीत टाकायचा आणि नळी कागदासमोर धरून पाहायची. ज्यांची नळी गढूळ झाली त्यांचं रक्त पुढच्या तपासणीसाठी बाटलीत घेतलं. काही दिवसांनी गाडीबरोबरच्या सिस्टर कागद घेऊन पुन्हा आल्या. त्यांनी आम्हाला सगळ्यांना ऑफिसात बसवलं. त्या मुलीला सिकलसेल होता. आईकडून अर्धा आणि वडिलांकडून अर्धा, असा पूर्ण.

सिस्टरनी कागदावर दोन चित्रं काढली. एक गोल बिस्किटासारखं आणि एक विळ्यासारखं वाकडं. त्या म्हणाल्या की रक्तातल्या पेशी अशा वाकड्या झाल्या की बारीक नळ्यांत अडकतात, लवकर मरतात आणि अंगाला प्राणवायू पुरेसा पोचत नाही. जिथे अडकतात तिथे असह्य दुखतं. गार पाणी, जास्त दमणूक, पाणी कमी पिणं, ताप, या सगळ्याने ते वाढतं. बोलता बोलता त्या थांबल्या आणि आमच्याकडे पाहून म्हणाल्या, "हिला कुणी आळशी म्हणत असेल तर सांगा त्यांना. ही पोर बसल्याजागी जेवढी दमते, तेवढे तुम्ही डोंगर चढून दमत नाही."

खेळाचे सर उठून बाहेर गेले. मी चित्राकडे बघत बसले.

त्या शनिवारी डहाणूला घरी आले ती थेट कपाटाशी गेले आणि कॉलेजची पुस्तकं काढली. जेवायला आईने दोनदा हाक मारली. मला त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर शोधायचं होतं आणि शोधताना कळलं की मला धडाच कळलेला नव्हता. ऊर्जा म्हणजे जोर नव्हे. जोर माणसाला जाणवतो. ऊर्जा जाणवण्याची गोष्टच नाही. भातात ती होती, तिच्या ताटातही सगळ्यांइतकीच होती. पण अन्नातली ऊर्जा कामाला यायची तर अन्नाचा प्राणवायूशी संयोग व्हावा लागतो, तोही प्रत्येक स्नायूत, जागच्या जागी. तिच्याकडे अन्न पोचत होतं, प्राणवायू पोचत नव्हता. त्यातून तुटलेल्या पेशींच्या जागी नव्या पेशी घडवण्यात तिचं शरीर रात्रंदिवस राबत होतं. ती बसलेली दिसायची तेव्हाही ते काम चालूच असायचं. तिची ऊर्जा कुठे जाते याचं उत्तर होतं, आणि ते मला माहीत असायला हवं होतं.

सोमवारी मधल्या सुट्टीत मी तिला व्हरांड्यात बोलावलं. ती घाबरत आली. मी म्हणाले की त्या दिवशी तू विचारलंस त्याचं मी चुकीचं उत्तर दिलं, आणि सगळ्यांसमोर तुला हसले, ते माझं चुकलं. मग मी तिला सगळं समजावून सांगितलं, जमेल तेवढ्या साध्या शब्दांत. ती लक्ष देऊन ऐकत होती. शेवटी म्हणाली, "म्हणजे चुलीत लाकूड आहे, पण फुंकायला कोणी नाही."

मी म्हणाले, हो, अगदी तसंच. मग ती थोडी हसली आणि म्हणाली, "मग माझा नुसता धूर होतो."

त्यानंतर तिच्यासाठी काही गोष्टी बदलल्या. सकाळी तिला गरम पाणी मिळू लागलं. पळणं बंद झालं. गोळ्या सुरू झाल्या, महिन्यातून एकदा तिला कासा गावातल्या दवाखान्यात न्यायचं ठरलं आणि दोनदा मी स्वतः तिला घेऊन गेले. दुखणं गेलं नाही, पण कमी झालं. आणि ती बोलू लागली. एवढे प्रश्न तिच्या पोटात होते याची मला कल्पना नव्हती. ताप आल्यावर अंग गरम होतं ती ऊब कुठे जाते? हवेत जाते, मी सांगितलं. मग हवा गरम होते? होते, पण इतकी थोडी की आपल्याला कळत नाही. मोजता येईल का? आपल्या थर्मामीटरने नाही येणार. हे उत्तर तिला आवडलं नाही. तिचं म्हणणं, मोजता येत नसेल तर ती तिथे गेली हे आपण कशावरून म्हणायचं?

म्हणून आम्ही तो प्रयोग केला. शाळेच्या नळाचं काम झालं होतं, त्यातला मीटरभर लांबीचा प्लॅस्टिकचा पाइप शिल्लक होता. त्यात थोडी कोरडी वाळू घातली, दोन्ही टोकांना बुचं बसवली. पाइप उभा धरून उलटा केला की वाळू वरून खाली पडते. उचलताना वाळूला दिलेली ऊर्जा पडल्यावर कुठे जाते? वाळू तर निमूट पडून राहते. गेली असेल तर ऊब होऊन वाळूतच गेली असणार. चौघी मुली आळीपाळीने पाइप उलटा करत होत्या. ती स्टुलावर बसून मोजत होती. शंभर झाल्यावर बूच काढून थर्मामीटर आत खुपसला. पारा एका अंशाहून थोडा जास्त वर गेला होता. मुली खूश झाल्या. ती झाली नाही.

"हातांची ऊब असेल, बाई," ती म्हणाली.

मला ते सुचलं नव्हतं. तिने वसतिगृहातून जुन्या गोधडीचा तुकडा आणला, पाइपला गुंडाळून सुतळीने बांधला, वाळू गार होईपर्यंत अर्धा तास सगळ्यांना थांबवलं आणि पुन्हा शंभर वेळा उलटवायला लावलं. या वेळी पारा आधीपेक्षा कमी चढला, पण चढला. मग ती म्हणाली, आता खरं.

त्या आठवड्यात तिने वहीत जे लिहिलं ते मी माझ्या डायरीत उतरवून घेतलं. 'ऊर्जा ही वस्तू नाही. ती कोणाला दिसली नाही. एका जागची जेवढी कमी होते तेवढीच दुसरीकडे वाढलेली सापडते. दर वेळी सापडते, म्हणून ती आहे असं आपण म्हणतो.' पुस्तकातली व्याख्या मी कित्येक वर्षं शिकवली होती. ऊर्जा म्हणजे काय हे मला या चार ओळींनी कळलं.

ती दहावीत गेली. डिसेंबरात थोडी आजारी पडून बरी झाली. जानेवारीत संक्रांतीच्या सुट्टीला मुलं घरी गेली तेव्हा तीही गेली. पाड्यावर त्या दिवसांत गारठा फार असतो. तिसऱ्या दिवशी तिला ताप भरला आणि छातीत दुखू लागलं. घरच्यांनी तिला झोळीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणलं, तिथून जीपने दवाखान्यात, तिथून ॲम्ब्युलन्सने मोठ्या दवाखान्यात. डॉक्टरांनी रक्त चढवलं, ऑक्सिजन लावला, जे करायचं ते सगळं केलं. पण छाती भरत गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. सुट्टी संपल्यावर सकाळी मी तलासरी नाक्यावर जीपमध्ये बसले होते तेव्हा अधीक्षक बाईंचा फोन आला. मी उतरले आणि रस्त्याच्या कडेला उभी राहिले. जीप भरली आणि निघून गेली. हायवेवरून गुजरातकडचे ट्रक एकामागून एक जात होते आणि मला काय करायचं ते सुचत नव्हतं.

शाळा भरल्यावर मैदानात शोकसभा झाली. मुख्याध्यापक बोलले, अधीक्षक बाईंना बोलवेना. मग आमचे एक सहकारी उभे राहिले, मराठीचे शिक्षक. मनाने फार चांगला माणूस. ते म्हणाले, "मुलांनो, विज्ञान आपल्याला सांगतं की ऊर्जा कधी नष्ट होत नाही. आपली ही मुलगीही नष्ट झालेली नाही. ती आपल्यातच आहे, फक्त रूप बदललं आहे." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मुलं शांतपणे ऐकत होती. मी रांगेतून निघून पाण्याच्या टाकीमागे जाऊन उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी दहावीच्या तासाला गेले तर पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं. पाइप उलटा करणाऱ्या चौघींतली ती एक होती.

"बाई, सर म्हणाले ते खरं का?"

सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. हो म्हणणं किती सोपं होतं. त्या मुलींना त्या वेळी हेच हवं होतं, मलाही हवं होतं. पण याच वर्गात एकदा मी विज्ञानाचं नाव घेऊन खोटं उत्तर दिलं होतं.

"नाही," मी म्हणाले. "ऊर्जा राहते. आपली मुलगी राहिली नाही."

मग मी जमेल तसं सांगितलं. तिच्या अंगातली ऊब दवाखान्यातल्या हवेत गेली, तिथून भिंतीत, बाहेर, सगळीकडे. ती मोजली तर कमी भरणार नाही. पण ती आता गोळा करता येत नाही, आणि गोळा केली तरी त्यातून ती मुलगी होत नाही. ऊर्जेला हे कळत नाही की आपण कोणाच्या होतो. ऊर्जेचा नियम खरा आहे, पण तो माणसाबद्दल काही सांगत नाही. सरांना दुःख झालं म्हणून ते तसं बोलले. मलाही तेवढंच दुःख आहे.

मुली रडू लागल्या. तोपर्यंत कुणी मोकळेपणाने रडलं नव्हतं. मीही खुर्चीत बसून रडले. त्या तासाला आम्ही काही शिकलो नाही. मराठीच्या सरांना हे कळलं तेव्हा ते माझ्यावर चिडले नाहीत. एवढंच म्हणाले की मला दुसरं काही सुचलंच नाही हो.

तिची पत्र्याची पेटी वसतिगृहात होती. ती पोचवायला मी आणि अधीक्षक बाई पाड्यावर गेलो. डांबरी रस्ता संपल्यावर पाऊण तास चालावं लागलं. भात केव्हाच कापून झालं होतं, शेतं उघडी पडली होती. आईने आम्हाला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं. वडील पेटी आत ठेवून शेताकडे निघून गेले. त्यांना आमच्यासमोर बसवत नव्हतं.

आई आमच्यासमोर येऊन बसली. मग तिने विचारलं की विज्ञान शिकवणाऱ्या बाई तुम्हीच का. मी हो म्हणाले. मला वाटलं, लेकीने घरी सगळं सांगितलं असेल, आता ही मला काही बोलेल. बोलली तर बोलू दे, असंही वाटलं. पण ती तिचंच सांगू लागली. पोर दहा-अकरा वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. विहिरीवरून पाणी आणताना ती वाटेत हंडा ठेवून बसायची. एकदा हंडा कलंडला आणि सगळं पाणी सांडलं, तेव्हा आईने तिला काठीने मारलं. दोनदा मारलं. पोरगी म्हणाली होती, आई, पाय उचलत नाय.

"मना कसा कळणार होता?" आई म्हणाली. "तुमी तरी शिकलेल्या."

तिने ते टोचून म्हटलं नव्हतं. तिला खरोखर विचारायचं होतं की शिकलेल्यांना तरी कळतं का. मी तिला सांगितलं की मलाही कळलं नव्हतं, मी तिला आळशी म्हणाले होते, वर्गासमोर. तिने माझ्याकडे पाहिलं. थोड्या वेळाने तिने माझ्या हातावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला. तिचा तळवा खरखरीत आणि गरम होता. अधीक्षक बाई अंगणात कोंबड्यांकडे बघत उभ्या होत्या. आम्ही उन्हं उतरेपर्यंत तिथे होतो.

जून महिन्यात शाळा उघडली त्या आठवड्यात ती आई ऑफिसात आली. बरोबर धाकटी मुलगी होती, पाचवीत घालायची. आईने कमरेची पिशवी सोडून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला एक कागद काढून माझ्या हातात दिला. घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासलं होतं. धाकटीलाही तेच होतं. आई म्हणाली की हिला पळायला लावू नका, आणि लिहिता वाचता आलं पाहिजे. लावणीचे दिवस जवळ आले होते, तिला थांबता येत नव्हतं. मुलगी जीपपर्यंत आईच्या मागे गेली आणि मग एकटी परत आली.

पाचवीचा वर्ग वरच्या मजल्यावर भरायचा. मी मुख्याध्यापकांकडे जाऊन तो खाली आणायला सांगितला. त्यांनी कागद वाचला आणि त्याच दिवशी बाकं खाली उतरवून घेतली. बाकं उतरत असताना मी जिन्याच्या तोंडाशी उभी होते, आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं की दहावीचाही वर्ग वरच होता. मोठीला आम्ही पळण्यातून सोडवलं, गार पाण्यातून सोडवलं. हा जिना मात्र आम्हाला कुणालाच दिसला नाही. ती रोज चार वेळा तो चढत होती आणि तिने कधी तक्रार केली नाही.